मास्टर विनायक आणि विनोदी बोलपटातली बाई

गणेशोत्सवात कोणते नाटक बसवायचे हा आमच्या मंडळातला दरवर्षीचा वाद. यंदाच्या बैठकीत कोणीतरी 'मोरूची मावशी'चे नाव काढले आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. मिशा उतरवून लुगडे नेसलेला पुरुष रंगमंचावर आला की पहिल्या रांगेतल्या आजोबांपासून मागच्या रांगेतल्या पोरांपर्यंत सगळे हसतात, हा अनुभव जुना आहे. पण यंदा एक मुलगी उठली. इथेच जन्मलेली, इथल्याच विद्यापीठात शिकणारी, मराठी थोडे अडखळत बोलणारी. तिने विचारले की समोर ठेवलेल्या तिन्ही नाटकांत बायकांनी चहा आणायचा, रुसायचे आणि शेवटी लग्न करायचे एवढेच काम कसे? हशा मिळवणारी सगळी वाक्ये पुरुषांनाच का? आणि बाईची जी एकमेव मोठी भूमिका आहे तीही पुरुषानेच का करायची? वडीलधाऱ्यांनी उत्तर दिले की आपल्याकडचा कौटुंबिक विनोद पूर्वीपासून असाच आहे, त्यात वावगे काही नाही.

मी बैठकीत गप्प बसलो, पण उत्तर मनाला पटले नाही. पूर्वीपासून म्हणजे केव्हापासून? आपल्या बोलपटाचे वय जेमतेम सहा वर्षांचे होते तेव्हा एका मराठी विनोदी चित्रपटात सगळ्या कथेची सूत्रे एका तरुणीच्या हाती होती आणि फजिती पुरुषाची होत होती. तो चित्रपट करणारा माणूस म्हणजे मास्टर विनायक. आजच्या पिढीला ते नंदाचे वडील म्हणून ठाऊक असतील, नाहीतर लता मंगेशकरांच्या आठवणींत येणारे एक नाव म्हणून. त्यांची ओळख तेवढीच राहावी हे बरे नव्हे.

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरात झाला. ते कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे, गाण्याचे आणि चित्रकलेचे गाव. थोड्याच वर्षांत ते सिनेमाचेही गाव झाले. घरातच सिनेमा होता म्हणायला हरकत नाही. बंधू वासुदेव कर्नाटकी छायालेखक झाले. बाबुराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर हे सावत्र बंधू, व्ही. शांताराम मावसभाऊ. मराठी चित्रपटाच्या पहिल्या तीस वर्षांचा इतिहास लिहायला बसले तर या एका गोतावळ्यातच अर्धी पाने भरतील.

१९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना झाली आणि १९३२ साली त्या कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. त्यात विनायकरावांनी नारदाचे काम केले. याच चित्रपटात दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या होत्या, आणि ही गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. एकोणीस वर्षांपूर्वी, १९१३ साली, दादासाहेब फाळक्यांनी हीच हरिश्चंद्राची कथा पडद्यावर आणली तेव्हा तारामतीसाठी एकही बाई मिळाली नव्हती. मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, पण प्रतिष्ठित घरातल्या बायका सिनेमापासून पुढेही बरीच वर्षे दूरच होत्या. दुर्गाबाई खोटे यांच्यासारखी सधन घरातली, कॉलेजचे शिक्षण घेतलेली स्त्री तारामती म्हणून उभी राहिली तेव्हा तो दरवाजा उघडला. विनायकराव त्या वेळी पंचविशीत होते आणि हे सारे त्याच सेटवरून पाहत होते.

'प्रभात' कंपनी १९३३ साली पुण्याला गेली. मागे राहिलेल्या मंडळींनी दरबाराच्या आश्रयाने 'कोल्हापूर सिनेटोन' चालवले. तिथे विनायकरावांना पहिल्यांदा दिग्दर्शन करायला मिळाले. चित्रपट होता १९३५ सालचा 'विलासी ईश्वर'. त्यातून शोभना समर्थ प्रथम पडद्यावर आल्या, म्हणजे नूतन आणि तनुजा यांच्या आई. पुढे विनायकरावांच्या चित्रपटांत ज्या नट्या दिसतात त्या पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. शिकलेल्या, नीट बोलता येणाऱ्या, कॅमेऱ्याला न बुजणाऱ्या मुली ते हेरून घेत. लीला चिटणीस पदवीधर होत्या. त्या काळी नटीच्या नावामागे बी. ए. लागणे हीच मोठी बातमी होती.

१९३६ साली विनायकराव, बाबुराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी 'हंस पिक्चर्स' काढले. पहिला चित्रपट 'छाया'. त्याची कथा शिरोड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या वि. स. खांडेकरांची. नायिका लीला चिटणीस. परिस्थितीने गुन्हेगार झालेल्या बापाच्या मुलांना समाज कसे वागवतो, असा गंभीर विषय. चित्रपट गाजला आणि खांडेकर 'हंस'चे लेखक झाले. दुसरीकडून आचार्य अत्रे आले. १९३७ सालचे 'धर्मवीर' आणि 'प्रेमवीर' हे दोन्ही चित्रपट अत्र्यांच्या लेखणीतून उतरले.

या दोन लेखकांच्या मध्ये विनायकरावांची सगळी उमेद विभागली गेली होती. मन खांडेकरांकडे ओढत असे. त्याग, ध्येय, दीनदलितांविषयी कळवळा या गोष्टी त्यांना मनापासून प्रिय होत्या. अत्र्यांकडे होती टवाळी, ढोंगाची चीड आणि पोटभर हसवण्याची ताकद. १९३८ साली हे दोन्ही रस्ते एकाच वर्षात समोर आले. खांडेकरांच्या 'ज्वाला'वर 'हंस'ने भरपूर पैसा ओतला. भव्य देखावे उभारले, चंद्रमोहनसारखा नामांकित नट घेतला. चित्रपट साफ कोसळला आणि कंपनी कर्जात बुडायची वेळ आली. त्या खड्ड्यातून ज्या चित्रपटाने वर काढले तो अत्र्यांचा 'ब्रह्मचारी'.

'ब्रह्मचारी'ची कथा थोडक्यात अशी. औदुंबर नावाचा एक साधासुधा तरुण आहे. त्याच्या खोलीत सिनेनटींची चित्रे लावलेली आहेत. एका देशभक्ताचे ब्रह्मचर्यावरचे व्याख्यान ऐकून तो पेटतो, चित्रे काढून टाकतो, आजन्म ब्रह्मचारी राहण्याची शपथ घेतो आणि एका आश्रमवजा संस्थेत दाखल होतो. तिथे किशोरी येते. पुढे काय होते ते सांगायला नकोच. तरुणांनी दंड फुगवावेत, बायकांकडे पाहू नये म्हणजे देशाचा उद्धार होईल, अशी व्याख्याने त्या काळी गावोगाव चालत. अत्र्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. औदुंबर झाले स्वतः विनायकराव. किशोरी झाल्या मीनाक्षी शिरोडकर.

मीनाक्षीबाईंचे मूळचे नाव रतन पेडणेकर. लग्न होऊन त्या शिरोडकर झाल्या होत्या. पती डॉक्टर. म्हणजे ही एका प्रतिष्ठित घरातली विवाहित बाई, आणि तिने पडद्यावर पोहण्याचा आखूड पोशाख घालून पाण्यात उतरावे, गाणे म्हणावे आणि काठावरच्या ब्रह्मचाऱ्याला बोलवावे! 'यमुनाजळी खेळू खेळ' हे ते गाणे. गहजब झाला. संस्कृतिरक्षकांनी कपाळावर हात मारून घेतले आणि नंतर तिकिटाच्या रांगेतही उभे राहिले असावेत, कारण चित्रपट तुफान चालला.

आजवर या गाण्याविषयी जे जे लिहिले गेले त्यात पोशाखाचीच चर्चा अधिक. पोशाख धाडसी होता यात शंका नाही. पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. या प्रसंगात पाहते आहे ती बाई. इच्छा तिची, बेत तिचा, पुढाकारही तिचा. पुरुष काठावर घामाघूम होऊन शपथ सांभाळतो आहे. आपल्या गंभीर चित्रपटांत त्या वेळी नायिका सोसत होत्या. 'प्रभात'ने १९३७ साली काढलेल्या 'कुंकू'त शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याविरुद्ध ताठ उभी राहते, तो चित्रपट थोरच आहे, पण तिच्या वाट्याला आनंद म्हणून किती आला? किशोरीला मात्र मजा वाटते. ती हसते, खोड्या काढते, हवे ते मिळवते, आणि त्याबद्दल कथेत तिला कोणतीही शिक्षा होत नाही. ती विहिरीत उडी टाकत नाही, विधवा होत नाही, पश्चात्तापाने रडत नाही. १९३८ साली मराठी पडद्यावर ही साधी गोष्ट नव्हती.

याचे श्रेय अत्र्यांना किती आणि विनायकरावांना किती हे वाटून देणे अवघड आहे. संवाद, गाणी, कल्पना अत्र्यांच्या. पण दिग्दर्शक आणि नायक एकच असताना त्याने स्वतःला बावळट दाखवायला तयार व्हावे, हा विनायकरावांचा गुण. आपल्याकडचे नायक-दिग्दर्शक स्वतःवर हसू देत नाहीत. विनायकराव देखणे होते, गंभीर भूमिकांत लोकांना आवडत होते, तरी त्यांनी औदुंबराला भित्रा, भाबडा, शपथेच्या ओझ्याने वाकलेला ठेवला आणि प्रसंगाचा सगळा तोरा मीनाक्षीबाईंकडे जाऊ दिला.

पुढच्याच वर्षी 'ब्रँडीची बाटली' आला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात काँग्रेस सरकारने दारूबंदी लागू केली, त्यामुळे हा विषय घरोघरी चर्चेत होता. ब्रँडी म्हणजे काय हेही धड न कळणारा एक भोळा कारकून औषधासाठी ब्रँडीची बाटली शोधत हिंडतो, एवढ्या धाग्यावर अत्र्यांनी सगळा गोंधळ उभा केला. कारकून झाले दामूअण्णा मालवणकर. रूढ अर्थाने नायकाचे रूप त्यांच्याकडे अजिबात नव्हते. डोळा तिरळा, अंगकाठी सामान्य. अशा माणसाला नायक करून त्याच्यासमोर मीनाक्षी शिरोडकरांसारखी नायिका उभी करणे हा विनायकरावांचाच धीटपणा. आता इथे माझ्या मनात जरा खळखळ आहे. दामूअण्णांच्या डोळ्यावर प्रेक्षक हसले, हे नाकारण्यात अर्थ नाही. शरीराच्या व्यंगावर हसण्याची ती सवय मराठी विनोदाला पुढे बराच काळ चिकटली. पण दामूअण्णांनी त्या डोळ्यापलीकडचा एक घाबरट, सज्जन, मध्यमवर्गीय माणूस उभा केला आणि लोक त्या माणसावर माया करू लागले, हेही तितकेच खरे.

'ब्रह्मचारी' पाहून विनायकरावांना स्त्रीमुक्तीचे पुरस्कर्ते ठरवायला कोणी निघाला तर त्याने १९४० सालचा 'अर्धांगी' पाहावा. पुन्हा अत्रे, पुन्हा विनोद, पुन्हा मीनाक्षी शिरोडकर आणि जोडीला लीला चिटणीस. या वेळी टिंगल होती ती पाश्चात्त्य वळणाने वागणाऱ्या आधुनिक बाईची. घरंदाज, पतिपरायण पत्नी शेवटी जिंकते. आधुनिक बाई ही घराला लागलेली कीड ठरते. आणि ती आधुनिक बाई रंगवली कोणी? प्रत्यक्ष आयुष्यात पदवीधर असलेल्या, स्वतःच्या हिमतीवर मुले वाढवणाऱ्या लीला चिटणीस यांनी! दोनच वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी ब्रह्मचाऱ्याची शपथ पाण्यात बुडवली त्यांनीच पदराला पुन्हा डोक्यावर नेले. प्रेक्षकांना दोन्ही आवडले. विनोदी लेखकाला ढोंग दिसले की तो टोचतो, पण कोणते ढोंग आणि कोणते नुसते वेगळेपण हे ओळखताना तोही आपल्या काळाचाच माणूस असतो. अत्र्यांना शिकलेल्या बाईचा राग होता असे मुळीच नाही. 'घराबाहेर' हे नाटक त्यांनीच १९३४ साली लिहिले होते. पण हशा मिळवायचा तर इंग्रजाळलेली बाई हे सोपे लक्ष्य होते आणि विनायकरावांनीही ते सोडले नाही.

याच सुमारास 'हंस'ची मंडळी 'नवयुग चित्रपट' या नव्या कंपनीत गेली. अत्रे लवकरच वेगळे झाले आणि १९४१ साली त्यांनी स्वतःचा 'पायाची दासी' काढला. विनायकरावांनी विनोदासाठी दुसरा लेखक शोधला. ते म्हणजे बडोद्याला पाली भाषा शिकवणारे प्राध्यापक चिं. वि. जोशी. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ महाराष्ट्रात घरोघरी वाचले जात होते. १९४० साली 'लग्न पहावे करून' आणि १९४२ साली 'सरकारी पाहुणे' या चित्रपटांतून ही जोडी पडद्यावर आली. चिमणराव झाले दामूअण्णा, गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग. एक हडकुळा आणि भित्रा, दुसरा दणकट आणि दांडगा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी हीच जोडी पुन्हा जिवंत केली. ती मालिका पाहिलेले वाचक इथेही पुष्कळ असतील.

मराठी कौटुंबिक विनोदी चित्रपटाचा साचा या दोन चित्रपटांत पक्का झाला असे मला वाटते. आणि आमच्या मंडळातल्या मुलीची तक्रार ज्याविषयी होती तो साचाही बहुधा हाच. चिमणरावांच्या घरात आई आहे, बायको आहे, लग्नाची मुलगी आहे. घर त्यांच्यावरच चालते. पण गोष्ट पुरुषांची. बाहेर जाऊन घोटाळे करायचे ते चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांनी, घरात वाट पाहायची ती बायकांनी. चिं. वि. जोशींचा विनोद निर्मळ आहे, कोणाला बोचत नाही, आणि पुरुषांच्या फुशारकीची तर तो पुरती वाट लावतो. तरीही किशोरीला जी मोकळीक मिळाली होती ती चिमणरावांच्या ओसरीवर कोणाला मिळाली नाही. बाई पुन्हा स्वयंपाकघरात गेली, आणि विनोदी चित्रपटात बरीच वर्षे तिथेच राहिली.

आणखी एक उणीव सांगायला हवी. हे चित्रपट काढणारी कंपनी कोल्हापुरात वाढली. तिथल्या स्टुडिओत मराठा, मुसलमान, जैन, लिंगायत, ख्रिस्ती, सगळ्या जातिधर्मांची माणसे राबत. पण पडद्यावरचे विनोदी घर बहुतेक वेळा पांढरपेशा घरच असे. शेतकरी, गिरणीकामगार, कोळी, चांभार यांना हसवण्याचा आणि हसण्याचा हक्क या चित्रपटांत नव्हता. ते आले तर गंभीर चित्रपटांत आले. खांडेकरांच्या कथेवर विनायकरावांनी १९४१ साली 'अमृत' काढला. त्यात कोकणातल्या कष्टकरी माणसांची दैना आहे आणि ललिता पवार यांचे मोठे ताकदीचे काम आहे. गरिबाने रडायचे आणि कारकुनाने हसवायचे, अशी ती वाटणी होती. ती मोडली विनायकरावांच्याच हाताखाली तयार झालेल्या दिनकर द. पाटील यांनी. १९४७ साली त्यांनी लिहिलेल्या 'जय मल्हार'ने ग्रामीण चित्रपटाची लाट आणली आणि धोतर-फेट्यातली, नऊवारीतली माणसे पडद्यावर मोकळेपणाने हसू-भांडू लागली.

१९४२ साल विनायकरावांना कठीण गेले. 'नवयुग'मध्ये मतभेद झाले आणि ते 'पहिली मंगळागौर'चे काम अर्धवट टाकून बाहेर पडले. तो चित्रपट पुढे रा. शं. जुन्नरकरांनी पुरा केला. पण त्याच्याशी एक घटना जोडलेली आहे. २४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ मंगेशकर पुण्यात वारले. मागे पत्नी आणि पाच मुले, थोरली लता अवघी बारा वर्षांची. विनायकरावांचा दीनानाथांशी स्नेह होता. त्यांनी लताला कंपनीत घेतले. 'पहिली मंगळागौर'मध्ये तिने छोटी भूमिका केली आणि गाणेही म्हटले. १९४३ साली विनायकरावांनी स्वतःची 'प्रफुल्ल पिक्चर्स' कंपनी काढली तेव्हा लता तिथे पगारी नटी होती. 'माझे बाळ', 'चिमुकला संसार', 'गजाभाऊ' या चित्रपटांत तिने लहानमोठी कामे केली. रंग फासून कॅमेऱ्यापुढे उभे राहणे तिला कधीच आवडले नाही, हे तिने पुढे अनेकदा सांगितले आहे. पण त्या पगारावर घर चालत होते.

'माझे बाळ'चा विषय लग्नाविना झालेल्या मुलाचा आणि त्याच्या आईचा. आजही कौटुंबिक म्हणवणारा निर्माता ज्या विषयाला हात लावताना विचार करेल तो विषय विनायकरावांनी १९४३ साली, महायुद्धाच्या टंचाईत, नव्या कंपनीच्या अगदी सुरुवातीला घेतला. याला व्यवहार म्हणत नाहीत. व्यवहार त्यांना जमलाच नाही. पैसा आला की तो पुढच्या चित्रपटात जाई, आणि पुढचा चित्रपट बहुधा आधीच्याहून जड असे.

१९४५ साली 'प्रफुल्ल'चा मुक्काम कोल्हापूरहून मुंबईला हलला. मंगेशकर कुटुंबही त्यामागोमाग आले. नूरजहाँ नायिका असलेला 'बडी माँ' हा हिंदी चित्रपट त्याच वर्षीचा. त्यात लता आणि आशा दोघींनी लहान कामे केली. विचार करा, एकाच सेटवर एका बाजूला तेव्हाची सर्वांत मोठी गायिका-नटी आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या अर्धशतकावर राज्य करणाऱ्या दोन बहिणी! १९४६ साली शांता आपटे यांना घेऊन 'सुभद्रा' झाला. त्याच वर्षी 'जीवनयात्रा' आला. हे सारे गंभीर चित्रपट. हसवणारे विनायकराव आता मागे पडले होते. मुंबईचा खर्च मोठा होता, हिंदीच्या बाजारात स्पर्धा जीवघेणी होती आणि प्रकृती साथ देत नव्हती.

शेवटचा चित्रपट 'मंदिर'. त्यात एका लहान मुलाचे काम होते. विनायकरावांनी ते आपल्या धाकट्या मुलीला, नंदाला द्यायचे ठरवले. केस कापून मुलगा व्हायचे म्हटल्यावर ती बिथरली. आईने समजूत काढून तिला उभे केले, असे नंदाने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. फाळक्यांच्या वेळी बाई मिळेना म्हणून पुरुषाला लुगडे नेसवावे लागले होते. चौतीस वर्षांनी मराठी दिग्दर्शकाच्या घरातच इतक्या मुली कामाला तयार होत्या की मुलाची भूमिकाही मुलीकडे गेली. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून फार अर्थ काढू नये, पण मला तो फार आवडतो.

'मंदिर' पुरा झालेला विनायकरावांनी पाहिला नाही. देश स्वतंत्र झाल्यानंतर चौथ्या दिवशी, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, मुंबईत ते वारले. वय एकेचाळीस. वर्तमानपत्रे त्या आठवड्यात फाळणीच्या आणि निर्वासितांच्या बातम्यांनी भरलेली होती. कोल्हापूरच्या एका सिनेमावाल्यासाठी त्यांत कितीशी जागा असणार? 'मंदिर' दिनकर पाटलांनी पुरा केला आणि १९४८ साली तो पडद्यावर आला. 'प्रफुल्ल' बंद पडली. लता मंगेशकरांनी तोंडाला रंग लावणे सोडले आणि त्या पार्श्वगायनाकडे वळल्या. तिथे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

विनायकरावांच्या घरी मात्र पैशाची चणचण होती. आठ वर्षांची नंदा आता बेबी नंदा झाली आणि घर चालवण्यासाठी एकामागून एक चित्रपटांत कामे करू लागली. १९५६ साली शांतारामांनी तिला 'तूफान और दिया'मध्ये मोठी भूमिका दिली. पुढे 'छोटी बहन', 'हम दोनो', 'जब जब फूल खिले' अशा चित्रपटांतून ती देशभर पोहोचली. २०१४ साली ती गेली. मीनाक्षी शिरोडकर त्याआधीच, १९९७ साली गेल्या. त्यांच्या नाती नम्रता आणि शिल्पा चित्रपटांत आल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी पुन्हा एकदा तो १९३८ सालचा पोहण्याचा पोशाख आठवला.

आमच्या मंडळाचे नाटक अजून ठरलेले नाही. त्या मुलीला मी 'ब्रह्मचारी'ची गोष्ट सांगितली. तिने पहिला प्रश्न विचारला तो पोशाखाविषयी नव्हता. किशोरीची वाक्ये किती आहेत, असे तिने विचारले. मी म्हटले, भरपूर आहेत. आता ती अत्र्यांच्या संवादांची प्रत कुठे मिळते का ते शोधते आहे आणि औदुंबराच्या कामासाठी तिने आमच्या खजिनदारांकडे बोट दाखवले आहे.